पत्र्यावरची फांदी

भरमू सकाळी आंब्यावर चढला तो ऊन डोक्यावर आलं तरी वरच होता, आणि अजून एक डहाळी म्हणून खाली आली नव्हती. कमरेला दोर, खांद्याला करवत, गालात पान. करवत फांदीला टेकली रे टेकली की खालून कुणीतरी "थांब!" म्हणून ओरडायचं. मग तो पाय सोडून बेचक्यात बसायचा आणि आसपासच्या गच्च्यांवर कुणाचं काय वाळत घातलंय ते बघायचा. चहासुद्धा त्याला बादलीतून दोरानं वर पोचवावा लागला, कारण एकदा खाली उतरलो तर परत चढणार नाही, असं त्यानं बजावून सांगितलं होतं.

"हे असं आगल्ल बघा, जमायचं न्हाय," तो वरून म्हणाला. "आधी तुमचं तुम्ही ठरवा. तंवर मी हाय हितंच."

"तू गप बस. हुकूम मिळाल्याबिगर करवत हलवायची न्हाय," आण्णाप्पा खालून गरजले.

आण्णाप्पा म्हणजे घरातले थोरले. पलटणीतून सुभेदार होऊन परत आले त्याला बरीच वर्षं झाली, पण आवाज काही पेन्शनीत निघाला नव्हता. त्यांच्यासमोर धाकटा विक्रम, उद्यमबागेतल्या फौंड्रीत फोरमन, हातात लोखंडी मोजपट्टी घेऊन उभा होता. आंब्याची फांदी उतरवायला मोजपट्टी कशाला लागते हे त्याच्या बायकोलाही, म्हणजे माधवीलाही, सांगता आलं नसतं. पण भांडताना विक्रमच्या हातात काहीतरी मोजायचं लागायचंच.

माधवी आपल्या पत्र्याच्या खोलीच्या दारात उभी होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. या खोलीत ती बालवाडी चालवायची. अनगोळातली चिमुरडी पोरं सोमवारपासून पाटी-डबा घेऊन येणार होती, आणि त्यांच्या डोक्यावर, पत्र्यापासून हातभर उंचीवर, आण्णाप्पांची फांदी आडवी पसरली होती. माणसाच्या मिठीत मावणार नाही एवढी जाड. खोडाला जिथं जोडलेली, तिथं तिला एक उभी चीर गेलेली, आणि त्या चिरेतून काळं पाणी गळायचं. गेल्या आठवड्यात वळवाचा नुसता एक फटका आला तर गल्लीच्या तोंडाचा गुलमोहर दूधवाल्याच्या व्हॅनवर आडवा झाला. व्हॅनमध्ये कुणी नव्हतं म्हणून बरं. त्या दिवसापासून माधवीला झोप नव्हती. डोळा लागला की पत्र्याचा आवाज यायचा आणि ती घामाघूम होऊन उठून बसायची.

"अण्णा," ती हात जोडून म्हणाली, "तुमच्या पाया पडते. पोरं येणार हैत सोमवारी."

"पोरांचं मला काय कळत न्हाय असं समजू नगंस," आण्णाप्पा जरा खाली आवाजात म्हणाले. "पर फांदी माझी हाय. आज कापली की उद्या हा म्हणंल, अण्णाचा झाडात वाटाच न्हाय. मी वळखतो ह्याला."

"म्या कवा म्हटलं तसं?" विक्रम उसळला.

"म्हटलं न्हाईस. मनात हाय तुझ्या."

आता ही फांदी अण्णांची कशी आणि ती विक्रमच्या डोक्यावर कशी, हे सासरेबुवा मारुतीराव यांचं काम. माणूस देवमाणूस, पण डोकं उलट्या बाजूनं चालणारं. त्यांनी हयातीतच दोन पोरांना शेजारी शेजारी घरं बांधून दिली. वाटणीत सगळं बसलं, हा एक आंबा तेवढा नेमका हद्दीवर आला. दोघांनाही तो हवा. तेव्हा मारुतीरावांनी पाच माणसं बसवून झाडाच्या फांद्या वाटल्या, आणि त्याही उलट्या. थोरल्याची फांदी धाकट्याच्या घरावरची, धाकट्याची थोरल्याच्या घरावरची. मधला शेंडा निपाणीला दिलेल्या लेकीला, नीलमला. आंबे उतरवायला एकमेकांच्या दारात जावं लागेल, म्हणजे भावाभावांत बोलणं राहील, असा त्यांचा हिशेब होता.

बोलणं राहिलं. खोटं कशाला सांगा? दर मे महिन्यात आण्णाप्पा विक्रमच्या पत्र्यावर आणि विक्रम आण्णाप्पांच्या गच्चीवर आंबे उतरवायचा झेला घेऊन चढायचे, आणि तिथून जे बोलायचे ते पार चौथ्या घरापर्यंत ऐकू जायचं. झाड सोडून दुसरा विषय नसायचा. दिवाळीला एकत्र फराळ, कुणाच्या दुखण्याखुपण्याला रात्ररात्र जागणं, सगळं व्हायचं. आंब्याला मोहोर आला की मात्र दोघांचं मस्तक फिरायचं.

"काय झालं गं?" भिंतीकडून हळू हाक आली. थोरली जाऊ बाळाबाई परडं ओलांडून आली होती, हाताला अजून पीठ. "ऐकतात का?"

"कशाचं ऐकतात, आक्का? तिकडं बघा, दोघं कोंबड्यावानी उभं हैत."

"माझ्या टाकीवर ती ह्याची फांदी घासतीया, रातभर कर्र कर्र. तुझ्या नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, वहिनी, औंदा भार लई चांगला हाय, पुढच्या वर्षी बघू." बाळाबाईनं कपाळावर हात मारला, पीठ कपाळाला लागलं. "पुढच्या वर्षी मी ऱ्हाते का न्हाय कुणाला ठावं."

या दोघी जावांचं एकमेकींशी कधी वाकडं नव्हतं. नवरे भांडत असताना ताटलीतली भाजी परड्यातून इकडून तिकडं जायचीच. भरमूला बोलवायचं ठरवलं ते दोघींनी, आणि आदल्या दिवशी निपाणीला फोन लावला तोही दोघींनी. फांद्यांची अदलाबदल करायची, ज्याच्या घरावर त्याची फांदी, म्हणजे ज्याला भीती त्यानं आपली आपण कापावी, असा बेत होता. आप्पांचा, म्हणजे मारुतीरावांचा, शब्द मोडायचा म्हणजे लेकीनंच येऊन मोडायला हवा. दुसऱ्या कुणाचं या दोघांनी ऐकलं नसतं.

फाटक वाजलं आणि नीलम आत आली. निपाणीच्या तंबाखूच्या वखारवाल्यांच्या घरात नांदलेली बाई, अंगानं दणकट, बोलणं सरळ. आल्या आल्या तिनं पिशवीतून गुळाची ढेप काढून बाळाबाईच्या हातात दिली, खुर्ची ओढून आंब्याखाली बसली आणि बोटावर मिश्री घेऊन दातांना लावायला लागली. ती मिश्री लावत असताना कुणी बोलायचं नाही, हा लहानपणापासूनचा रिवाज. सुभेदारसुद्धा छडी काखेत घालून गप उभे राहिले.

"वरती कोण बसलंय?" चूळ भरून तिनं विचारलं.

"मी भरमू हो, आक्का."

"बरं हाय का?"

"बरं हाय. मुंग्या लई हैत."

"हां." नीलम भावांकडं वळली. "आता बोला. एकेक जण. आधी अण्णा."

अण्णा बोलले. मग विक्रम बोलला, मोजपट्टी लावून लावून बोलला. नीलमनं सगळं ऐकून घेतलं आणि माधवीकडं बघितलं. माधवीचं तोंड एवढंसं झालं होतं.

"ह्या पोरीच्या डोळ्याखाली काळं आलंय," नीलम म्हणाली. "आणि तुम्ही दोघं वाटा घेऊन बसलाय. आप्पानं दिलंतं ते आप्पाच्या वक्ताला बरोबर होतं. आता मी सांगते. अण्णा, तुझ्या घरावरची तुझी. विक्या, तुझ्या घरावरची तुझी. कबूल?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. दोघांनाही वाटलं आपल्यालाच जास्त मिळालं.

"कबूल," आण्णाप्पा म्हणाले.

"कबूल," विक्रम म्हणाला आणि त्यानं मोजपट्टी मिटली.

माधवीनं सुटकेचा श्वास सोडला. बाळाबाईनं तिचा हात दाबला, तिच्याही हाताला पीठ लागलं. "भरमू," माधवी मोकळ्या आवाजात वर बघून ओरडली, "पत्र्यावरची घ्या आधी!"

भरमूनं पानाची पिंक टाकली, करवत काढली, फांदीवर ठेवली.

"थांब!" विक्रम ओरडला.

माधवीला आधी खरंच वाटेना. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो मान वर करून फांदीकडं असा बघत होता की लग्नात तिच्याकडंही इतक्या मायेनं बघितलं नसेल.

"एकदम सगळी कशाला?" तो म्हणाला. "फांदी काय वाईट न्हाय. जरा टोकं खुडली की वजन कमी हुतंय. मी फौंड्रीतनं एक लोखंडी टेकू करून आणतो, चांगला चॅनलचा. बघ, पाडाला आलेत आंबं."

"अहो, काल रातीपर्यंत तुम्हीच म्हणत होता, ही बला एकदा जाऊ दे म्हणून!"

"तवा ती अण्णांची होती."

"ऐकलं का?" आण्णाप्पा लगेच खूष झाले. "माझी होती तवा चीर पडलीती. ह्याची झाली आणि चीर भरली! काप रे भरमू, बेधडक काप. पार बुडातनं काप."

"मग तुमच्या टाकीवरची पण काप म्हणा की," बाळाबाई नवऱ्याला म्हणाली.

आण्णाप्पांनी घसा साफ केला. टाकीवरच्या फांदीकडं बघितलं. छडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ती जरा विचार करून कापाय पाहिजे," ते म्हणाले. "टाकीला सावली ऱ्हाती. पाणी गार ऱ्हातं. उन्हाळ्याच्या दिसात गार पाणी म्हंजे…"

"पाणी गार!" बाळाबाई किंचाळली. "व्हय? बारा महिनं मी टाकीतला पाला काढते तवा गार पाणी आठवलं न्हाय तुम्हास्नी!"

वरून भरमूनं विचारलं, "मग मी काय करू?"

"बस!" दोघे भाऊ एका सुरात ओरडले. आज पहिल्यांदाच त्यांचं मनापासून एकमत झालं होतं.

माधवीला हसावं की रडावं कळेना. डोळ्यात पाणीच आलं खरं म्हणजे. खानापूरच्या बाजूला आभाळ दाटून यायला लागलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली, एक मिनिट नुसती ओट्याला टेकून उभी राहिली, आणि तिथंच तिला ते सुचलं. तिनं ताट घेतलं, कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. बाळाबाई मागोमाग आलीच होती.

"भाऊबीज करालीस व्हय मे महिन्यात?" बाळाबाई म्हणाली, आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. तिनं पटकन वात लावली.

ताट बघून नीलमनं काहीच विचारलं नाही. बाई हुशार होती. उठली, पदर डोक्यावर घेतला, दोघा भावांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओवाळलं.

"हे काय आता?" आण्णाप्पा गोंधळून म्हणाले. "दिवाळी कुठं आणि आपण कुठं."

"भाऊ हाय, बहीण हाय, निरांजन पेटलंय," नीलम म्हणाली. "ओवाळणी घाला. मला दोन्ही फांद्या पाहिजेत."

बहिणीच्या ताटात काही न घालता उठलेला माणूस त्यांच्या घराण्यात अजून निघायचा होता. आण्णाप्पांचे ओठ हलले, मिशी हलली, शेवटी त्यांनी दोन अक्षता उचलून ताटात टाकल्या. "घे. दिली."

"दिली," विक्रम पडेल आवाजात म्हणाला.

माधवीला वाटलं धावत जाऊन नणंदेच्या गळ्यात पडावं. "वन्सं, आता सांगा भरमूला!"

"सांगते की." नीलमनं ताट खाली ठेवलं आणि वर बघितलं. शेंडा तिचा, दोन्ही फांद्या तिच्या, अख्खं झाड तिचं. ती बराच वेळ बघत राहिली. मग खुर्चीवर बसली. मिश्रीची डबी काढली.

"वन्सं?" माधवी म्हणाली.

"न्हाय गं, कापायची म्हंजे कापायचीच," नीलम म्हणाली. "पर येवढी? लहान होते तवा ह्या फांदीला माझा झोपाळा होता. आप्पा झुलवायचा. आणि हिकडचे आंबे निपाणीला पोचवता येतील, आमच्याकडं लोणच्याला असली कैरी मिळत न्हाय." तिनं मिश्री लावली. "पुढच्या वर्षी बघू की."

"हां! आता कसं!" आण्णाप्पा म्हणाले.

"आक्का बरोबर बोलतीया," विक्रम म्हणाला.

बाळाबाई मटकन पायरीवर बसली.

आणि माधवीचा तोल सुटला. इतकी वर्षं या घरात ती थोरल्यांसमोर पदर सावरून बोलली होती, आवाज चढवला नव्हता. आता तिनं बालवाडीच्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

"आत या," ती म्हणाली. "तिघंबी. अण्णा, वन्सं, आणि तुम्ही पण, फोरमनसाहेब. आत येऊन बसा."

"कशाला?"

"फांदी तुमची हाय न्हवं? ज्याची फांदी त्यानं तिच्याखाली बसायचं. माझी पोरं बसणार हैत तिथं. सोमवारपासनं बसणार हैत. आधी मालकांनी बसून दाखवा."

तिचा आवाज असा होता की सुभेदार हुकूम ऐकल्यासारखे निघाले. आत रंगीत बाकडी होती, वीतभर उंचीची. आण्णाप्पा बसले तेव्हा त्यांचे गुडघे कानाला लागले. नीलम एका बाकड्यावर मावेना, तिनं दोन जोडून घेतली. विक्रम कोपऱ्यात, भिंतीवरच्या हत्तीच्या चित्राखाली, पाटी विसरून आलेल्या पोरासारखा अंग चोरून बसला. माधवी दारात उभी राहिली.

"आता किती येळ बसायचं?" आण्णाप्पांनी विचारलं.

"सकाळच्या प्रार्थनेपासून डबा खाऊन घरी जाईपर्यंत," माधवी म्हणाली. "एक पोरगं मुतायला उठतं. एक रडतं. बाकीची बसून ऱ्हातात. शहाणी पोरं हैत माझी. वर काय हाय ते त्यांस्नी ठावं न्हाय."

तेवढ्यात वारा आला. आधी परड्यातली धूळ उठली, मग बादली लोळत गेली, मग वर फांदी एकदा हलली आणि त्या चिरेतून जुनं दार कुणी सावकाश उघडावं तसा आवाज आला. विक्रमनं वर बघितलं. आण्णाप्पांनी वर बघितलं. नीलमच्या बोटावरची मिश्री तशीच राहिली.

"काय नव्हं," आण्णाप्पा म्हणाले, "वाऱ्यानं जरा…"

धाड! एक वाळकं, मनगटाएवढं लाकूड पत्र्यावर आदळलं. पत्रा एवढा वाजला की खोली हादरली. भिंतीवरचा हत्ती खाली आला. आणि सुभेदार आण्णाप्पा, तोफांच्या माऱ्यात उभे राहिलेले, बाकडं बुडाला अडकलेलं असतानाच दारातून बाहेर पडले. मागून विक्रम. नीलम शेवटी निघाली, पण दोघांना बाजूला ढकलून पुढं गेली. भरमू वर झाडाला कवटाळून देवाचं नाव घेत होता.

वारा आला तसा पडला. पाऊस अजून लांब होता. परड्यात तिघे मालक धापा टाकत उभे होते, आणि कुणीच कुणाकडं बघत नव्हतं. बाळाबाईनं आण्णाप्पांचं बाकडं सोडवायला हात दिला. ते सुटलं तेव्हा तिला हसू आवरेना, आणि मग कुणालाच आवरेना.

हसू संपलं तशी नीलमनं डोळे पुसले. त्यात हसण्याचं पाणी किती आणि दुसरं किती, कुणी विचारलं नाही. "आत आपण तिघं होतो म्हणून निभावलं," ती म्हणाली. "पोरं असती तर?"

बाळाबाईनं बाकडं आत नेऊन ठेवलं.

"आक्का," भरमूनं वरून विचारलं, "आता मी उतरू का कापू? कुणाला विचारू? मालक कोण ते तरी सांगा."

नीलमनं आण्णाप्पांकडं बघितलं. आण्णाप्पांनी विक्रमकडं. मग आण्णाप्पांनी छडीनं सरळ माधवीकडं दाखवलं.

"तिला विचार," ते म्हणाले. "ह्या घरात येऊन ती इतकी वर्षं पाला झाडतीया, आणि आप्पानं तिला एक डहाळीबी दिली न्हाय. आम्हाला कुणाला सुचलंबी न्हाय. पत्र्यावरची फांदी आजपासून माधवीची. नीलू, तुझं काय म्हणणं?"

"तिचीच," नीलम म्हणाली.

विक्रमनं मान हलवली आणि मोजपट्टी खिशात घातली.

माधवी दोन पावलं पुढं आली आणि तिनं वर बघितलं. फांदी एवढी मोठी आहे हे तिला ठाऊक होतं, पण आपली म्हणून ती आज पहिल्यांदा बघत होती. पाडाला आलेले आंबे देठापाशी पिवळे झाले होते. कोवळी पानं अजून तांबूस होती. एप्रिलच्या उन्हात पत्रा तापायचा तेव्हा याच फांदीच्या सावलीनं खोली थंड राहायची, हे आत्ता कुठं तिच्या ध्यानात आलं. एक साळुंकी डहाळीवर येऊन बसली. तिच्या मनात आलं, थोडं बाहेरून कापलं तर? निम्मी ठेवली तर? टेकू काय वाईट कल्पना नव्हती तशी.

"ताई, कुठनं कापू?" भरमूनं करवत फांदीच्या मधोमध ठेवली. "हितनं? का अजून आत?"

सगळे तिच्याकडं बघत होते. माधवीनं उघड्या दारातून आत बघितलं. लाल, पिवळी, निळी बाकडी वाकडीतिकडी पडली होती, सोमवारची वाट बघत.

"आत," ती म्हणाली. आवाज थोडा कापला, म्हणून तिनं परत, मोठ्यानं सांगितलं. "अजून आत घ्या, भरमू. चिरेच्या पलीकडनं. पार आत."